मागचा एक्सल काय सांगतो? पिकअप गाडीची तपासणी आणि दुरुस्ती



आपल्या देणग्यांतून जे धान्य, जी औषधे, वह्या आणि ब्लँकेटे पाड्यांवर पोहोचतात, त्यांचा शेवटचा प्रवास पिकअप गाडीतून होतो. बोरिवलीहून निघालेली गाडी अहमदाबाद महामार्गाने मनोरला जाते आणि तिथून विक्रमगड, जव्हारच्या चढाला लागते. मुलुंड, घाटकोपरहून निघालेली गाडी भिवंडी, शहापूरमार्गे कसाऱ्याकडे जाते. डांबरी रस्ता संपला की खडी, ओढा आणि चिखल. या सगळ्या वाटेवर मालाचे बहुतेक ओझे मागच्या एक्सलवर असते. गाडीला पुढे ढकलण्याचे कामही तोच करतो. तो घाटात मोडला तर माल तर अडकतोच, पण ड्रायव्हरदादांच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकते.

आपल्या अनेक मंडळ्यांकडे आणि संस्थांकडे स्वतःची पिकअप आहे. काही बांधव अशी गाडी चालवूनच पोट भरतात. म्हणून या अंकातला पाठ मागच्या एक्सलवर घेतला आहे. मुख्य मुद्दा एकच आहे: एक्सल सहसा अचानक मोडत नाही, तो आधी सांगतो. त्याचे सांगणे ऐकावे, आणि महागडा भाग उघडण्याआधी स्वस्त कारण शोधावे.

१. एक्सलमध्ये काय असते?

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे येते. हा शाफ्ट म्हणजे गाडीखाली फिरणारा लांब दांडा. त्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. मागे लोखंडी हौसिंगच्या मधल्या फुगीर भागात शाफ्ट टेल पिनियनला फिरवतो. लहान पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतो आणि शक्ती काटकोनात वळून दोन्ही चाकांकडे जाते.

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. शाळेच्या कवायतीत रांग वळते तेव्हा टोकाचा मुलगा धावतो आणि आतला जागच्या जागी पाय आपटतो, तसेच हे. ही सोय डिफरन्शियल करते. त्यातल्या लहान गिअरना स्टार पिनियन म्हणतात. तिथून डावा आणि उजवा असे दोन एक्सल शाफ्ट चाकांपर्यंत जातात. हे सगळे हौसिंग कमानपाट्यांना यू बोल्टने आवळलेले असते.

ही रचना आपल्या उपनगरांच्या चांगल्या ओळखीची आहे. महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्यांचा कांदिवलीचा कारखाना उभा राहिला. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनी टॅक्सीलाही मागे असाच अखंड एक्सल होता. त्या गाड्यांवर हात बसलेले जुने मिस्त्री आजही पिकअपचा आवाज लांबून ओळखतात.

२. आधी प्रकार ओळखा

एक्सल मुख्यतः दोन प्रकारचे असतात. फरक लक्षात ठेवावा, कारण धोका त्यावर अवलंबून आहे.

सेमी फ्लोटिंग प्रकारात एक्सल शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच निघून जाऊ शकते. फुल फ्लोटिंग प्रकारात वजन हबवरची दोन बेअरिंग पेलतात आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. तो तुटला तर गाडी पुढे जाणार नाही, पण चाक जागेवर राहील.

ओळखायचे कसे? चाकाच्या मधोमध गोल तबकडी आणि तिच्याभोवती बोल्टांचे कडे दिसत असेल, तर तो बहुधा फुल फ्लोटिंग असतो. ते बोल्ट काढल्यावर चाक न उतरवता शाफ्ट बाहेर ओढता येतो.

एक सूचना चालकांनी कधीही विसरू नये. शाफ्ट तुटलेला असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून चढावर थांबत नाही, कारण गिअर आणि चाक यांचा संबंधच तुटलेला असतो. हॅन्डब्रेक ओढावा आणि लगेच चाकांना मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

३. कानाने तपासणी

आवाज कधी येतो, यावरून तो कुठून येतो ते कळते. पुढील खुणा पाठ कराव्यात.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर ‘घुंऽऽ’ असा आवाज येतो आणि पाय उचलल्यावर थांबतो: क्राऊन-पिनियनचे दात झिजले असावेत किंवा त्यांची बैठक बिघडली असावी.

पाय उचलल्यावरच आवाज येतो: पिनियनची बेअरिंग सैल झाली असण्याची शक्यता जास्त.

पाय दाबा वा उचला, आवाज तसाच राहतो आणि फक्त वेगाबरोबर वाढतो: चाकाचे बेअरिंग किंवा टायर. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. रस्ता बदलूनही तोच राहिला तर बेअरिंगचा.

फक्त वळणावर कडकड होते: डिफरन्शियलमधले स्टार पिनियन किंवा त्यांचे वॉशर.

गाडी सुटताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘ठक्’ होते: आधी क्रॉस पाहा, मग यू बोल्ट. पिनियनची ढिलाई सर्वांत शेवटी.

ठरावीक वेगाला गाडी थरथरते, पुढे गेल्यावर शांत होते: प्रोपेलर शाफ्टचा तोल गेला आहे किंवा मधले सेंटर बेअरिंग खराब आहे.

बेअरिंग कोणत्या बाजूचे, हेही कानाने कळते. मोकळ्या मैदानात, कमी वेगात गाडी हळुवार डावीकडे वळवा. तेव्हा वजन उजव्या चाकावर जाते. आवाज वाढला तर उजवे बेअरिंग खराब, कमी झाला तर डावे. हा प्रयोग वर्दळीच्या रस्त्यावर मुळीच करू नये.

४. डोळ्यांनी आणि हाताने तपासणी

गाडीखाली जाण्याआधी गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. पुढच्या चाकांना ठोकळे लावा. मागची बाजू जॅकने उचलून एक्सलखाली लोखंडी स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. विटांचा ढीगही चालत नाही. वीट भाराखाली अचानक फुटते.

तेल. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असले पाहिजे. बोट घालून पाहा. तेल दुधाळ किंवा फिकट चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. जळकट वास आला तर एक्सल तापला आहे. खालच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा थर असणे हे नेहमीच्या झिजेचे लक्षण आहे. पण हाताला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर गाडी तिथेच थांबवावी.

ब्रीदर. हौसिंगवर एक छोटी श्वासनळी असते. एक्सल तापला की आतली हवा फुगते आणि या वाटेने बाहेर जाते. ती चिखलाने बुजली की दाब सीलवर येतो आणि तेल बाहेर पडते. मिस्त्री नवे सील घालतात, महिन्याभरात तेही गळते, आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. खरा दोष त्या चिमुकल्या नळीचा असतो. सील बदलण्याआधी ब्रीदर साफ करा.

पाणी. तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्यात होत्या. अशा पुरातून बाहेर आलेले इंजिन लोक पाहतात, मागच्या एक्सलचे तेल पाहायचे मात्र राहून जाते. पाड्यांकडे जाणाऱ्या गाड्या तर दर पावसाळ्यात ओढे ओलांडतात. हब बुडेल इतक्या पाण्यातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात तेल तपासा.

चाकाची ढिलाई. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग सैल किंवा खराब आहे. मग चाक हाताने फिरवून पाहा, खरखर जाणवता कामा नये. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर एक्सलचे सील गेले आहे. ते तेल ब्रेकच्या लायनरवर पोहोचते आणि गाडी ब्रेकला एका बाजूला ओढू लागते. म्हणून गळतीकडे तेलाचा खर्च म्हणून पाहू नये, तो ब्रेकचा प्रश्न आहे.

मापे. कमानपाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूने मागे सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. पाट्याच्या पुढच्या पिनपासून एक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, ते सारखे हवे. हौसिंग वाकले आहे का हे पाहण्यासाठी मागच्या दोन टायरांमधले अंतर पुढून आणि मागून, एक्सलच्या उंचीवर मोजा. तेही सारखे हवे. फरक आला, टायर एका कडेनेच झिजत असेल आणि त्याच बाजूचे सील वारंवार जात असेल, तर हौसिंगवर संशय घ्यावा.

५. एक उदाहरण

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या कामावरच्या गाडीतून ४० च्या वेगापुढे घुमणारा आवाज येऊ लागला. उपनगरातल्या एका गॅरेजने एक फेरी मारून सांगितले, “क्राऊन-पिनियन बदलावे लागेल.” खर्चाचा आकडा ऐकून कार्यालयात सगळे गप्प झाले. ड्रायव्हरदादांनी एवढेच विचारले, “तेल काढून बघितलं का?” कोणी पाहिले नव्हते.

तेल काढले तर ते स्वच्छ होते आणि चुंबकावर टोचणारा एकही कण नव्हता. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी आवाज तसाच राहत होता. मैदानात गाडी डावीकडे वळवली की आवाज वाढत होता. उजवे चाक उघडले. बेअरिंगवर गंजाचे ठिपके होते, सील कडक होऊन चिरले होते आणि ब्रीदर मातीने गच्च भरला होता. बेअरिंग आणि सील बदलले, ब्रीदर साफ केला. आवाज गेला. क्राऊन-पिनियनला कोणी हातही लावला नाही. वाचलेल्या पैशांतून त्या महिन्याच्या धान्याच्या फेऱ्या वेळेवर झाल्या.

६. दुरुस्तीत काय सांभाळावे?

दुरुस्ती मिस्त्रीनेच करावी. पण काम करून घेणाऱ्याला योग्य पद्धत माहीत असली पाहिजे.

तेल बदलताना गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे. आधी वरचे भरण्याचे बूच उघडते का ते पाहावे, मगच खालचे उघडावे. नाहीतर तेल सांडून जाते आणि भरायला वाटच उरत नाही. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यांना साधे इंजिन ऑइल चालत नाही. बहुतेक पिकअपना ई.पी. ९० किंवा ८० डब्ल्यू ९० हे जी.एल. ५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घालावे.

चाकाचे बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवू देऊ नये. सेमी फ्लोटिंग एक्सलचे बेअरिंग हायड्रॉलिक प्रेसवरच बसवावे. बेअरिंग बदलले की सीलही नवे घालावे.

पिनियनचे सील बदलताना नटाची मूळ जागा खुणेने टिपून ठेवावी. तो नट आतल्या बेअरिंगचा ताण ठरवतो. जोर लावून जास्त आवळला तर बेअरिंग तापते, सैल राहिला तर दात खराब होतात.

क्राऊन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक नवा आणि एक जुना घातला तर आवाज थांबत नाही. बसवताना दातांमधली मोकळीक डायल गेजने मोजावी लागते. ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांत असते आणि नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. दात कुठे टेकतात हे पाहण्यासाठी जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून दातांना लावतात आणि क्राऊन फिरवतात. ठसा दाताच्या मध्यावर उमटला तर बैठक बरोबर. टोकाला, मुळाशी किंवा कडेला उमटला तर पुन्हा जुळवावे लागते. “डोळ्यांनी बघून बसवतो” असे कोणी म्हटले तर ते काम त्याला देऊ नये.

तुटलेला एक्सल शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. तो उष्णतेची प्रक्रिया केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या आचेने ती ताकद जाते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण जुना शाफ्ट घेताना त्याच्या खाचा पिळलेल्या नाहीत आणि कुठे बारीक तडा नाही, हे पाहूनच घ्यावा.

तुटलेला तुकडा फेकण्याआधी नीट पाहा. ओहोटीनंतर गोराईच्या वाळूवर लाटांच्या रेषा दिसतात, तशा गुळगुळीत रेषा तुटलेल्या तोंडावर असतील तर शाफ्ट पुष्कळ दिवसांपासून थोडा थोडा चिरत होता. सगळे तोंड खडबडीत असेल किंवा शाफ्ट पिळवटलेला असेल तर तो एका झटक्यात, जास्त जोराने तुटला. पहिल्या बाबतीत वाकलेले हौसिंग आणि रोजचे जास्तीचे ओझे तपासा. दुसऱ्या बाबतीत क्लच कसा सोडला जातो ते पाहा. चिखलात रुतलेली गाडी इंजिन घोंगावत ठेवून झटका देत काढू नये.

७. मूळ कारण: ओझे

वरचे बरेचसे बिघाड शेवटी ओझ्यापाशी येतात. गाडीच्या आर.सी.मध्ये दोन वजने दिलेली असतात: रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. दुसऱ्यातून पहिले वजा करा. जे उरते त्यात माल, चालक आणि सोबती सगळे आले. तांदळाचे ५० किलोचे ३० कट्टे म्हणजे १५०० किलो. “अजून चार बसतील” असे म्हणताना २०० किलो वाढतात.

माल कुठे ठेवला हेही महत्त्वाचे. दोन एक्सलमधले अंतर ३ मीटर आहे आणि ३०० किलो माल मागच्या एक्सलच्याही ६० सेंटिमीटर मागे ठेवला, असे समजा. तेव्हा मागच्या एक्सलवर ३०० नव्हे, ३६० किलो भार येतो आणि पुढची चाके ६० किलोने हलकी होतात. चढावर स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच. जड माल केबिनला लागून, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त माल भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. याहून गंभीर गोष्ट माणसांची. लग्नाला, शिबिराला किंवा सणाच्या भक्तीला जाण्यासाठी पिकअपच्या हौद्यात तरुणांना आणि मुलांना बसवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मालवाहू गाडीत अशा रीतीने बसलेल्या प्रवाशांची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला आहे. अपघात झाला तर त्या कुटुंबाच्या हाती काय उरेल, याचा विचार गाडी देणाऱ्याने आणि मागणाऱ्याने, दोघांनीही करावा. मुलांसाठी बसचे पैसे वेगळे काढावे लागले तरी ते काढावेत.

८. दर महिन्याची १५ मिनिटे

गाडीत एक वही ठेवावी. महिन्यातून एकदा तिच्यात पाच नोंदी कराव्यात: चाकांच्या आतल्या बाजूला आणि पिनियनपाशी गळती आहे का, ब्रीदर मोकळा आहे का, यू बोल्ट घट्ट आहेत का, क्रॉसला ग्रीस दिले का, चाकात ढिलाई आहे का. लांबच्या फेरीनंतर दोन्ही मागच्या हबजवळ हात न्यावा, सुरुवातीला न टेकवता. एक हब दुसऱ्यापेक्षा फार गरम असेल तर तेही लिहावे. नवा आवाज आला तर तारीख, वेग आणि “पाय दाबल्यावर की उचलल्यावर” एवढे टिपावे. अशी वही घेऊन गेलेल्या माणसाला गॅरेजमध्येही नीट उत्तर मिळते.

पाड्यांवरच्या तरुणांनाही ही विद्या मिळावी. दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. आपल्या ओळखीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्याची माहिती द्या आणि प्रवेशाच्या वेळी अर्ज भरायला मदत करा. पावसाळ्यात पाड्याजवळ बंद पडलेली गाडी मग शहरातल्या मिस्त्रीची वाट पाहत उभी राहणार नाही.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गाडीचा एक्सल सेमी फ्लोटिंग आहे की फुल फ्लोटिंग? ते कशावरून ओळखले?

२. आर.सी. पाहून सांगा, आपल्या गाडीत ५० किलोचे किती कट्टे भरता येतील? गेल्या फेरीत किती भरले होते?

३. सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर नवे सील घालण्याआधी कोणत्या दोन गोष्टी पाहाल?

४. “थोडे जास्त भरू, गरिबांसाठीच तर आहे,” असे कोणी म्हटले तर ड्रायव्हरदादांच्या बाजूने कोण बोलेल?